भाषेचे गणित मांडणारा मराठी माणूस

श्रोतेहो, सुरत शहराच्या दक्षिण अंगाला बमरोली नावाचा भाग आहे. पूर्वीचे ते खेडे. वाढत्या शहराने ते आता आपल्या कवेत घेतले आहे. शेजारी पांडेसरा आणि उधना, आणि चहूकडे यंत्रमागांचा अखंड खडखडाट. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली पुष्कळ कुटुंबे या परिसरात राहतात. घरात अहिराणी, शेजाऱ्याशी मराठी, दुकानदाराशी गुजराती आणि मागावरच्या परप्रांतीय सोबत्यांशी हिंदी, असा त्यांचा दिवस चार भाषांतून सरतो. मागावर उभा असलेला माणूस शेजाऱ्याला सहज सांगतो, ‘बॉबिन संपली, मशीन बंद कर, नाहीतर प्रॉडक्शन कमी भरेल.’ हे वाक्य ऐकून एखादा भाषाभिमानी कपाळाला हात लावील. मराठीचे धिंडवडे निघाले, असे म्हणेल.

पण आपण जरा थांबून पाहू. हाच माणूस ‘मशीनवर तेल सोड’ असे म्हणतो. ‘मशीन ऑन तेल सोड’ असे तो कधीही म्हणत नाही. ‘बॉबिनी आण’ म्हणतो. इंग्रजी नाम तो घेतो, पण त्याचे अनेकवचन पुष्कळदा मराठी वळणाने करतो. ‘चेक केलं’ म्हणतो. क्रियेची कल्पना परकी, परंतु काळ, लिंग आणि वचन दाखवणारे ‘केलं’ मात्र खास आपले. कोणी त्याला हे शिकवले? कोणत्या शाळेत? अशी भेसळ जर खरोखरच बेशिस्त असती, तर तीत चुकण्याचाही प्रकार नसता. ज्या अर्थी एक मिश्रण कानाला चालते आणि दुसरे चालत नाही, त्या अर्थी तेथे नियम आहे.

हा नियम गणिताच्या काटेकोरपणाने मांडण्याचा एक फार लवकरचा प्रयत्न १९८२ साली प्राग येथे भरलेल्या संगणकीय भाषाविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जगापुढे आला, आणि त्याच्या केंद्रस्थानी मराठी व इंग्रजी यांचे मिश्रण होते. तो मांडणारे विद्वान मूळचे पुण्याचे. त्यांचे नाव अरविंद कृष्ण जोशी. आजचे भाषण त्यांच्या कार्यासंबंधी आहे.

अरविंद जोशी यांचा जन्म ५ ऑगस्ट १९२९ रोजी पुण्यात झाला. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, आणि त्याच्या अगदी आरंभीच्या काळात, १९५० मध्ये, जोशी यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी संदेशवहन अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि मग ते अमेरिकेस गेले. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हानिया विद्यापीठातून १९६० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली, तीही विद्युत अभियांत्रिकीचीच. म्हणजे तारा, लहरी आणि संदेश यांचा अभ्यास करणारा हा तरुण. तो व्याकरणाकडे वळला कसा?

याचे उत्तर त्या काळात आणि त्या गावात आहे. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात १९४६ साली ‘एनियाक’ हे प्रचंड इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र उभे राहिले होते. ते बांधणाऱ्या एकर्ट आणि मॉकली यांनीच पुढे ‘युनिव्हॅक’ हे यंत्र तयार केले. त्याच विद्यापीठात झेलिग हॅरिस हे भाषाशास्त्रज्ञ होते. नोम चॉम्स्की हे त्यांचेच शिष्य. भाषेची रचना बीजगणिताप्रमाणे चिन्हांत बांधता येईल, हा हॅरिस यांचा ध्यास होता. एकीकडे नवे यंत्र आणि दुसरीकडे भाषेकडे पाहण्याची नवी दृष्टी अशा दोन प्रवाहांच्या संगमावर जोशी जाऊन पोहोचले, आणि संदेश वाहून नेणाऱ्या तारेपेक्षा संदेशाची स्वतःची घडण त्यांना अधिक मोहवू लागली.

त्या दिवसांत यंत्राद्वारे भाषांतर करण्याविषयी मोठी उत्सुकता होती. जानेवारी १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी रशियन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर यंत्राकडून करवून दाखवले होते. कोश अवघा २५० शब्दांचा आणि नियम केवळ सहा. पण वृत्तपत्रांनी त्याचा गाजावाजा केला, आणि थोड्याच वर्षांत यंत्र दुभाष्याचे काम करील, अशी आशा पसरली. हॅरिस यांच्या गटाने निराळी वाट धरली. भाषांतर पुढचे, आधी वाक्य म्हणजे काय हे यंत्राला कळले पाहिजे, अशी ती भूमिका.

श्रोतेहो, शाळेत आपण सर्वांनी वाक्यपृथक्करण केलेले आहे. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, कर्म कोणते, विधेयविस्तार कोणता, असे रकाने आखून आपण वाक्याचे तुकडे त्यांत मांडत असू. नेमके हेच काम यंत्राकडून करवून घ्यावयाचे होते. जून १९५८ ते जुलै १९५९ या अवधीत हॅरिस यांच्या मार्गदर्शनाखाली ‘युनिव्हॅक’ यंत्रासाठी इंग्रजी वाक्यांच्या पृथक्करणाची आज्ञावली तयार झाली. जोशी यांच्याबरोबर लीला ग्लाइटमन, ब्रूरिया कॉफमन आणि नेओमी सेगर या विदुषी त्या कामात होत्या. यंत्राची स्मृती किती? बारा अक्षरचिन्हांची एक हजार घरे. म्हणजे सारी मिळून बारा हजार अक्षरचिन्हे. आज खिशातल्या साध्या दूरध्वनीतील एका छायाचित्राला याहून कितीतरी अधिक जागा लागते. तेवढ्या चिंचोळ्या जागेत कोश, नियम आणि तपासावयाचे वाक्य अशी तिन्ही बसवावयाची होती.

म्हणून त्यांनी काम टप्प्याटप्प्यांनी केले. प्रथम प्रत्येक शब्दाची जात कोशातून काढावयाची. एका शब्दाच्या दोन जाती संभवत असतील, तर शेजारचे शब्द पाहून त्यांतली नको ती गाळावयाची. मग नामांचे छोटे समूह बांधावयाचे, नंतर क्रियापदांचे, आणि शेवटी उपवाक्यांची जुळणी करावयाची. इंग्रजीत मुख्य नाम आपल्या विशेषणांच्या मागोमाग शेवटी येते, म्हणून नामसमूह उजवीकडून डावीकडे वाचले तर ते चटकन सापडतात, ही युक्तीही त्यांत होती. धान्य जसे एकामागून एक चाळण्यांतून काढावे, तसे वाक्य एकेका चाळणीतून पुढे जाई.

या आज्ञावलीचे पुढे काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. ती विस्मृतीत गेली. यंत्र-भाषांतराच्या आशा फोल ठरत चालल्या, आणि १९६६ साली अमेरिकेत नेमलेल्या एका समितीच्या प्रतिकूल अहवालानंतर त्या कामाला मिळणारा पैसाही आटला. विद्वानांचे लक्ष अधिक सामर्थ्यवान व्याकरणांकडे गेले. मग १९९० नंतर टप्प्याटप्प्यांच्या चाळण्यांची तीच पद्धत जणू नवा शोध म्हणून पुन्हा लोकप्रिय झाली. तेव्हा जोशी यांनी फिलिप हॉपली यांच्या साहाय्याने जुन्या कागदपत्रांवरून ती आज्ञावली नव्या यंत्रावर पुन्हा उभी केली आणि १९९६ साली तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. ‘प्राचीन काळचे एक वाक्यपृथक्करण’ अशा अर्थाचे मिस्कील शीर्षक त्यांनी त्याला दिले. सदतीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या कामाला प्राचीन म्हणणाऱ्या माणसाच्या स्वभावाची त्यावरून कल्पना यावी. हे आम्ही आधीच केले होते, अशी तक्रार करीत बसण्यापेक्षा यंत्र पुन्हा चालवून दाखवणे त्यांना अधिक बरे वाटले.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. १९५६-५७ च्या सुमारास चॉम्स्की यांनी व्याकरणांची एक उतरंड मांडली होती. तिच्यातली एक पायरी अशी, की जिच्यात वाक्याचे घटक डब्यात डबा बसावा तसे एकमेकांत बसतात. ही पायरी यंत्राला सोपी. तिच्या वरची पायरी मात्र इतकी मोकळी, की तिच्यात काहीही बसते आणि यंत्राच्या कष्टांना सीमा राहत नाही. माणसाची भाषा यांपैकी कोठे बसते?

एक मराठी वाक्य घेऊ. ‘रमेशने सीतेला गणूला पाणी आणायला पाठवायला सांगितले.’ वाक्य लांबट आहे, पण समजते. रमेश, सीता, गणू अशी नावांची ओळ लागली आणि मग क्रियापदे उलट्या क्रमाने आली. आणायचे गणूने, पाठवायचे सीतेने, सांगितले रमेशने. आतल्या डब्याचे झाकण आधी लागले, बाहेरच्याचे शेवटी. जर्मन भाषेची रीत बरीचशी अशीच. डच भाषेत मात्र अशा वाक्यात नावांची जी ओळ, तीच क्रियापदांची ओळ असते. पहिल्या नावाचे क्रियापद पहिले, दुसऱ्याचे दुसरे. दोन्हींमध्ये दोऱ्या बांधल्या, तर त्या एकमेकींना छेद देत जातात. अशी रचना डब्यांच्या व्याकरणात बसत नाही. स्विस जर्मन भाषेवरून याची काटेकोर सिद्धता स्टुअर्ट शीबर यांनी १९८५ मध्ये दिली.

जोशी यांनी या प्रश्नाला हात घातला तो त्याच्या दहा वर्षे आधी. १९७५ साली लिऑन लेव्ही आणि मासाको ताकाहाशी यांच्यासह त्यांनी एक नवे व्याकरण मांडले. त्याला आपण वृक्षयोजन व्याकरण म्हणू. त्यातली कल्पना माळ्याच्या कलमासारखी आहे. ‘कोणते गाणे सुमन गाईल?’ हे एक छोटे झाड समजा. ‘कोणते गाणे’ आणि ‘गाईल’ यांचा संबंध या एकाच झाडात पक्का बांधलेला आहे. आता हे झाड मध्ये एका जागी कापा, तेथे ‘तुला वाटते’ ही फांदी बसवा आणि कापलेला भाग त्या फांदीच्या टोकाला पुन्हा जोडा. झाले, ‘कोणते गाणे तुला वाटते सुमन गाईल?’ हवे तर आणखी एक फांदी घाला, ‘कोणते गाणे तुला वाटते मास्तर म्हणतात सुमन गाईल?’ मूळच्या दोन शब्दांत कितीही अंतर पडले, तरी त्यांचे नाते मोडत नाही. कारण ते जवळजवळ असतानाच बांधले गेले होते. दूरचे वाटणारे नाते मुळात जवळचेच असते, हा या व्याकरणाचा गाभा.

मग १९८५ मध्ये जोशी यांनी आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. माणसाच्या भाषेला डब्यांच्या व्याकरणापेक्षा अधिक शक्ती लागते, पण ती किंचितच अधिक. या ‘किंचित’ शब्दाला त्यांनी गणिती अर्थ दिला. छेदणाऱ्या दोऱ्या मर्यादित प्रमाणात चालतील. वाक्यांची लांबी बेताबेताने वाढेल. आणि पृथक्करणाचे कष्ट आटोक्यात राहतील. आटोक्यात म्हणजे किती? डब्यांच्या व्याकरणात वाक्याची लांबी दुप्पट झाली, तर कष्ट फार तर आठपट होतात. वृक्षयोजन व्याकरणात ते वाईटात वाईट स्थितीत चौसष्टपट होतात. हे जास्त आहे, परंतु अमर्याद नाही. पुढे त्यांचे शिष्य विजय-शंकर आणि डेव्हिड विअर यांच्यासह त्यांनी असे दाखवून दिले, की निरनिराळ्या विद्वानांनी निरनिराळ्या हेतूंनी रचलेली चार व्याकरणे शक्तीने अगदी एकसारखी आहेत. चार वाटसरू चार दिशांनी निघाले आणि एकाच पाणवठ्यावर भेटले, तर तेथे पाणी खरेच आहे असे मानावयास हरकत नाही.

जोशी यांची दृष्टी एका वाक्यापाशी थांबली नाही. ‘गणूने रमेशला हाक मारली. तो थांबला.’ यातला ‘तो’ म्हणजे कोण, हे ऐकणाऱ्याला क्षणात कळते, पण यंत्राला कसे कळावे? संभाषणाच्या प्रत्येक क्षणी ऐकणाऱ्याचे अवधान कोणावर केंद्रित असते, याचे नियम बार्बरा ग्रोश आणि स्कॉट वाइनस्टाइन यांच्यासह त्यांनी १९८३ पासून मांडले. उतारवयात त्यांनी आणखी एक मोठे काम हाती घेतले. ‘पाऊस पडला. शाळा बंद राहिली.’ या दोन वाक्यांत ‘म्हणून’ हा शब्द नाही. तरी आपण तो मनाने वाचतो. असे उघड आणि लपलेले संबंध सुमारे दहा लाख शब्दांच्या इंग्रजी वृत्तपत्रीय मजकुरातून त्यांच्या गटाने एकेक करून नोंदले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या संग्रहात चाळीस हजारांहून अधिक संबंध आहेत. त्याच पद्धतीने हिंदीसाठीही काम सुरू झाले, आणि त्यात हैदराबादच्या अभ्यासकांबरोबर जोशी स्वतः सहभागी होते.

मानसन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. १९९७ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा संशोधन पुरस्कार, २००२ मध्ये संगणकीय भाषाविज्ञान संघटनेचा पहिलाच जीवनगौरव, २००३ मध्ये रुमेलहार्ट पारितोषिक आणि २००५ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन पदक. १९५८ सालच्या त्या छोट्या गटातील लीला ग्लाइटमन यांच्यासह त्यांनी पेनसिल्व्हानिया विद्यापीठात ज्ञानप्रक्रियेच्या अभ्यासाची संस्था काढली. भाषाशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ आणि यंत्रज्ञ तेथे एका छताखाली आले. ३१ डिसेंबर २०१७ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, जोशी यांचे निधन झाले.

आता, श्रोतेहो, मी आरंभी सांगितलेल्या प्राग येथील निबंधाकडे परत येतो. जोशी यांचे म्हणणे असे होते. दोन भाषा जाणणारा माणूस जेव्हा एकाच वाक्यात त्या मिसळतो, तेव्हा त्यांतली एक भाषा यजमान असते आणि दुसरी पाहुणी. वाक्याचा सांगाडा यजमान भाषेचा. पाहुणी भाषा त्यात नामे देईल, विशेषणे देईल, अख्खा शब्दसमूहही देईल. परंतु ‘वर’, ‘ला’, ‘आहे’, ‘होते’ यांसारखे जे थोडे आणि ठरलेले शब्द अथवा प्रत्यय भाषेचे सांधे जोडतात, ते एकेकटे उचलून त्या जागी पाहुण्या भाषेतले ठेवता येत नाहीत. शिवाय हा व्यवहार एकाच दिशेने चालतो. मराठी वाक्य चालू असताना मध्येच इंग्रजी तुकडा येतो. त्या इंग्रजी तुकड्याच्या पोटात पुन्हा मराठी शिरत नाही.

पुढील संशोधनात या नियमांना अपवाद सापडले, त्यांवर वादही झाले. शास्त्राची रीत तीच आहे. परंतु मूळ मुद्दा टिकला. भाषा मिसळणारा माणूस दोन्ही भाषांचे व्याकरण एकाच वेळी सांभाळत असतो. बमरोलीच्या मागावरचा माणूस मोडकी मराठी बोलत नाही. तो एका चालत्या यंत्रावर दोन रंगांचे धागे विणतो आणि ताणा मात्र आपल्या मातृभाषेचा ठेवतो.

एक शंका येथे घेतली पाहिजे. ज्या २०१७ साली जोशी गेले, त्याच वर्षी संगणकाला भाषा शिकवण्याची एक नवी रचना जाहीर झाली, आणि आज घरोघरी ज्यांचे नाव निघते ती बोलणारी यंत्रे तिच्यावर उभी आहेत. या यंत्रांना कोणी वाक्यपृथक्करण शिकवत नाही. अफाट मजकूर त्यांच्यापुढे ओतला जातो आणि पुढचा शब्द कोणता येईल, याचा अंदाज ती आपापली बांधतात. मग साठ वर्षांचा हा सारा खटाटोप वाया गेला म्हणावयाचा काय?

मला तसे वाटत नाही. जोशी स्वतः संख्याशास्त्राचे वैरी नव्हते. श्रीनिवास बंगलोर यांच्यासह त्यांनी १९९४ मध्येच व्याकरणाची झाडे आणि शब्दांच्या वारंवारतेची आकडेमोड यांची सांगड घातली होती. आणि नव्या यंत्राला भाषा खरोखर कळली आहे की नाही, हे तपासावयाचे झाल्यास दूरच्या शब्दांचे नाते, छेदणाऱ्या दोऱ्या, ‘तो’ म्हणजे कोण, असेच प्रश्न त्याला घालावे लागतात. प्रश्नपत्रिका जुन्या मास्तरांची आहे.

दुसरे असे, की ओतावयाला मजकूर असेल तर यंत्र शिकेल. इंग्रजीजवळ तो डोंगराएवढा आहे. मराठीजवळ बेताचा. अहिराणीजवळ फार थोडा. आणि मागांच्या खडखडाटात उच्चारली जाणारी ती चौरंगी बोली तर क्वचितच कागदावर उतरते. जेथे मजकुराचा ढीग नाही, तेथे नियम समजून घेण्यावाचून गत्यंतर नसते. १९५९ साली बारा हजार अक्षरांच्या यंत्राजवळ ढीग नव्हता, म्हणून त्या मंडळींना विचार करावा लागला. आपल्या लहान भाषांच्या बाबतीत तीच स्थिती आजही आहे.

जोशी यांचे बहुतेक काम परदेशात आणि इंग्रजीसंबंधी झाले, हे खरे आहे. त्याची रुखरुख वाटणे स्वाभाविक आहे. पण आपण ज्या मिश्र बोलण्याची लाज बाळगतो, ते त्यांनी विद्वानांच्या सभेत अभ्यासाचा विषय म्हणून ठेवले. ते काम पुढे न्यावयाचे, तर फिलाडेल्फियाला जाण्याची गरज नाही. बमरोलीच्या एखाद्या शाळेत मास्तरांनी मुलांना फळ्यावर एक वाक्य लिहून द्यावे. ‘बॉबिन संपली, मशीन बंद कर’, आणि म्हणावे, करा याचे वाक्यपृथक्करण.